मालतीकाकूंचा ओटा

तेंडोलकर काका कुठल्याही घरात शिरले की आधी बूट काढायचे. घर अर्धं उकरून ठेवलेलं असो, जमिनीवर प्लास्टरची धूळ असो, बूट दाराबाहेर. मग पिशवीतून धुतलेले कॅनव्हासचे बूट काढून ते घालायचे आणि बरोबरच्या कामगारांनाही तेच करायला लावायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो काका, सगळं तोडायलाच आलोय ना आपण?" तर म्हणाले, "तोडायला आलो म्हणून काय झालं? आत चूल आहे." ओहायोतल्या डब्लिनमध्ये इलेक्ट्रिक रेंजला चूल म्हणणारा दुसरा माणूस मला तरी भेटला नाही.

काका किचन आणि बाथरूमच्या रिमॉडेलिंगची कामं घ्यायचे. मूळचे कुडाळकडचे, इंजिनियर म्हणून आले होते. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायच्या ऐवजी त्यांनी हातात करवत घेतली, एवढं पुरे. मी त्यांच्या ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस बसायचे. ऑफिस म्हणजे त्यांच्याच घराचं बेसमेंट. परमिटचे अर्ज, बिलं, फोन हे माझ्याकडे. माझा नवरा रिटायर होऊन दिवसभर बातम्या लावून बसायला लागला होता, त्यामुळे मला कुणी कोळशाच्या खाणीत बोलावलं असतं तरी मी गेले असते. ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना काका. इथे सगळी नाती मुलांच्या तोंडून ठरतात. माझी मृणाल लहानपणी त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले.

नव्या गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न बजेटचा नसायचा. "दूध कुठे तापवता?" असं विचारायचे. त्यावरून म्हणे त्यांना कळायचं, की घरातली बाई कुठे उभी राहते, तिचा हात कुठे पोचतो, दूध तापेपर्यंत ती कुठे बघत असते. एकदा एका आयटीतल्या नवराबायकोने सांगितलं, की आम्ही दूध तापवतच नाही, कार्टनमधलं गार पितो, आणि चहा मायक्रोवेव्हमध्ये करतो. काका बाहेर येऊन ट्रकमध्ये बसले आणि मला फोनवर म्हणाले, "ताई, हे काम आपल्याला जमायचं नाही." जमलं अर्थात. त्यातल्या बायकोची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी येणार आहे असं कळल्यावर त्यांनी भांडून धुराचा पाइप थेट भिंतीबाहेर काढायला लावला. ती आई आली, तिने पहिल्याच दिवशी मिरचीची फोडणी घातली, आणि वर झोपलेल्या बाळाला साधी शिंकही आली नाही. पुढे दोन वर्षं त्या बाई मला दिवाळीला फोन करून काकांची चौकशी करायच्या.

काम संपलं की त्यांची एक रीत होती. नव्या शेगडीवर घरच्या बाईने दूध ठेवायचं आणि उतू जाऊ द्यायचं. त्याआधी त्या घरात काका पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत, आणि शेवटचं बिल दूध उतू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं. अमेरिकन गिऱ्हाइकांनाही ते सोडायचे नाहीत. एका एकट्या आजींना वाटलं ही काहीतरी फायर सेफ्टीची टेस्ट आहे. काकांनी समजावून सांगितल्यावर दूध वर येताना त्या एकदम रडायला लागल्या, नवऱ्याला हे फार आवडलं असतं म्हणाल्या. काकांनी फडकं मागून शेगडी स्वतः पुसून दिली.

या रीतीपायी बिल लांबायचं आणि मी कुरकुर करायचे. काका म्हणायचे, "दूध उतू गेलं की माणूस हिशोब नीट करतो, ताई." त्यांचं हे म्हणणं बहुतेक वेळा खरं ठरलं. एका घरात मात्र दूध तापायचं राहिलं, आणि ते घर त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं होतं.

डॉक्टर माधव सरंजामे म्हणजे आमच्याकडचे मोठे हृदयरोगतज्ज्ञ, आता रिटायर झालेले. इथल्या मराठी मंडळाच्या स्थापनेपासूनचे. काकांची बायको शालिनीताई हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या तेव्हा डॉक्टर रोज संध्याकाळी घरी येऊन बघून जायचे. त्यांनी एक पैसा घेतला नाही. शालिनीताई गेल्या त्या दिवशी काकांना धरून बसले होते ते डॉक्टरच. दोघे एकमेकांना वसंता आणि माधव म्हणायचे, आणि त्या वयात इथे नावाने हाक मारणारं माणूस उरलेलं नसतं, म्हणून मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

डॉक्टरांच्या पत्नी मालतीकाकू. शंभर माणसांचा स्वयंपाक एकहाती काढणारी बाई. त्यांना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. व्हीलचेअर आली. डॉक्टरांनी किचन नवीन करायला काढलं ते त्यांच्याचसाठी, पण ड्रॉइंगवर सही करताना ओट्याची उंची नेहमीचीच ठेवली. काका म्हणाले, "माधव, खाली घेऊ या का?" डॉक्टर म्हणाले, "थेरपी चालू आहे. दिवाळीपर्यंत ती उभी राहील." काकांनी ड्रॉइंग गुंडाळलं. डॉक्टरला कोण सांगणार?

मग धाकट्या भावाच्या आजारपणासाठी डॉक्टर पुण्याला गेले. घरी मालतीकाकू आणि त्यांना सांभाळणारी बाई. काका जुना ओटा काढायला गेले तेव्हा काकूंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं, डावा हात आपल्या कोपराखाली आडवा धरला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "वसंता. इथे. ओटा. इथे."

काकांनी त्यावर काय करावं? देवळातली जादाची व्हीलचेअर मागून आणली, स्वतःच्या गॅरेजमध्ये तिच्यात बसले, आणि मला कणीक मळून आणायला लावली. प्लायवूडची फळी वेगवेगळ्या उंचीवर ठेवून त्यांनी डाव्या हाताने पोळ्या लाटून बघितल्या. सत्तरीचा बाप्या, नाकावर पीठ, जन्मात कधी लाटणं न धरलेला. मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. शेवटी एका उंचीला पोळी बऱ्यापैकी गोल झाली. तिथे त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी एलीकडे गेले.

एली म्हणजे काकांची कपाटं करून देणारा सुतार, आमिश म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, दोन तासांवरच्या खेड्यात राहणारा. घरात फोन नाही, वीज नाही, त्यामुळे मापं द्यायला काका स्वतः जायचे. दोघे म्हातारे फळीवर बोटं फिरवत बसायचे, बोलणं जेमतेम. एलीने नव्या उंचीची कपाटं केली, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा ठेवून. लाकूड मॅपलचं, कडा अशा गोल केलेल्या, की मालतीकाकूंचा हात घसरला तरी लागू नये.

डॉक्टर परत आले तेव्हा काम संपलं होतं. काका आणि मी दूध घेऊनच गेलो होतो. डॉक्टर किचनच्या दारात थांबले आणि तिथूनच म्हणाले, "हे काय केलंस?"

"मालतीवहिनींनी सांगितलं तसं."

"मी सही कशावर केली होती?"

"तुझ्या सहीचा ओटा त्यांना पोचत नाही, माधव."

डॉक्टरांचा चेहरा इतका लालबुंद झाला, की मला त्यांच्याच हृदयाची काळजी वाटली. हे उखडून पहिल्यासारखं कर, नाहीतर राहिलेला एक डॉलर मिळणार नाही, म्हणाले. दूध तसंच पिशवीत परत आलं. ते किचनमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हते हे मी बघितलं, आणि का ते त्या क्षणी मला कळलंही. तो ओटा मान्य केला तर सगळंच मान्य करावं लागणार होतं. पण कळलं म्हणून राग कमी होत नाही.

राहिलेली रक्कम थोडीथोडकी नव्हती. त्यातली निम्मी एलीची होती.

काका थांबले. पंधरा दिवसांनी मला घेऊन पुन्हा गेले, हात जोडून म्हणाले, माझं राहू दे, एलीचं तेवढं दे. डॉक्टर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "शालिनीचं बिल लावलं होतं का मी तुला?"

काकांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "नव्हतं लावलंस." बाहेर येऊन बूट घालायला बसले तर त्यांच्या हाताला नाडी बांधता येईना. मी बांधून दिली. त्या दिवशी डॉक्टरांना मी मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मृणालला मीच बोलावलं. माझी मुलगी प्रॉपर्टीच्या कामाची वकील आहे. मराठी समजतं सगळं, बोलते तिच्या पद्धतीने. बेसमेंटमध्ये बसून तिने कागद चाळले आणि विचारलं, "काका, चेंज ऑर्डर कुणी साइन केली? उंची बदलल्याचा पेपर?"

"मालतीवहिनींनी सांगितलं."

"सांगितलं नाही काका. साइन."

"स्वयंपाकघर कुणाचं असतं, मृणाल? सही कुणाची घेऊ मी?"

"घर दोघांचं आहे, सो दॅट हेल्प्स. बट द कॉन्ट्रॅक्ट इज विथ हिम." मला वाटलं, ही चूक आपलाच माणूस करणार. स्वयंपाकघरात बाईचा शब्द शेवटचा, हे काकांना कुडाळपासून ठाऊक होतं, पण तो शब्द कागदावर आणायला हवा हे कधी सुचलंच नाही.

मग तिने लीन समजावून सांगितला. ज्या घरात काम केलं आणि पैसे मिळाले नाहीत, त्या घरावर काउंटीच्या ऑफिसात शपथपत्र देऊन नोंद करता येते. ती नोंद उतरल्याशिवाय घर विकताना किंवा कर्ज काढताना अडतं. काका म्हणाले, "म्हणजे बोजा. आमच्याकडे सातबाऱ्यावर चढवतात तसा."

"व्हॉटेव्हर दॅट इज, यस. पण टाइम लिमिट आहे. घराच्या कामाला शेवटच्या दिवसापासून दोन महिने."

"काम कुठे संपलंय? दूध तापलं नाही अजून."

मृणाल माझ्याकडे बघायला लागली. मी तिला दुधाचं सांगितलं. ती म्हणाली, "मम्मा, कायदा दुधाला थांबत नाही. शेवटचं खरं काम कधी झालं?" नळ बसवला तो दिवस शोधून काढला. मुदतीला आठवडाही उरला नव्हता.

"नाहीच केलं तर?" काकांनी विचारलं.

"देन यू कॅन स्टिल स्यू. पण मागे घर नसेल. जिंकलात तरी वसूल करायला वर्षं जातील."

"आणि एली?"

"ही हॅज राइट्स टू. तो पण फाइल करू शकतो."

काकांनी मान हलवली. "त्यांच्यात कोर्टाची पायरी चढत नाहीत. कुणी बुडवलं तर सोडून देतात. त्याने मला अजून विचारलं पण नाही पैशांचं." मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तो जाणार नाही म्हणूनच मला जावं लागेल. कर तयार."

शपथपत्रावर नोटरीसमोर सही करताना काकांनी पेन दोनदा खाली ठेवलं. नोटरीबाईने विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती तर करत नाही ना? काका म्हणाले, "नो मॅडम. ही इज माय फ्रेंड."

बातमी पसरायला काय लागतं? घरच्या माणसाच्या घरावर लीन, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी काका करायचे. त्या वर्षी त्यांना कुणी विचारलं नाही, ऑनलाइन मागवलेलं थर्माकोलचं काहीतरी उभं केलं. आरतीला काका मागे उभे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. एक बाई मला प्रसादाच्या रांगेत म्हणाल्या, "पैशासाठी माणूस कुठल्या थराला जातो ना." मी म्हटलं, "हो ना, काही लोक तर सुताराचे ठेवून घेतात." त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

सगळ्यात मला कशाने चीड यायची सांगू? हा माणूस त्या घरी कामाला जातच राहिला. कपाटाचं बिजागर कुरकुरतं असा काकूंच्या बाईचा फोन आला, की निघाले हत्यारं घेऊन. मी म्हटलं, "काका, लीन लावलाय आपण त्या घरावर."

"घरावर लावलाय ताई, माणसावर नाही लावला."

डॉक्टर दार उघडायचे आणि अभ्यासिकेत निघून जायचे. काका बिजागराला तेल घालायचे, काकूंना नमस्कार करायचे आणि पाणीसुद्धा न पिता परत यायचे.

दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांच्या वकिलाची नोटीस आली. मृणालने वाचून दाखवली. आता ठरलेल्या मुदतीत दावा लावायचा, नाहीतर लीन आपोआप रद्द.

"मग लावू या," मी म्हटलं.

"लावू शकतो," मृणाल म्हणाली, "पण ओटा खाली घ्यायला कुणी सांगितलं हे प्रूव्ह करायला मालतीकाकूंना बोलवावं लागेल. शी इज द ओन्ली विटनेस."

काका लगेच म्हणाले, "नाही."

"काका, त्याशिवाय..."

"नाही म्हणतो ना. नवऱ्याच्या विरुद्ध, चार परक्या माणसांसमोर, एकेक शब्द शोधत बसायला लावू त्यांना? एलीचे पैसे मी घरावर कर्ज काढून देईन. धंदा बंद करतो. दावा नको." त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

धंदा बंद म्हणजे काय ते मला माहीत होतं. शालिनीताई गेल्यापासून काकांना सकाळी उठायला तेवढं एकच कारण होतं. मी घरी येऊन नवऱ्याच्या बातम्या बंद केल्या आणि त्याच्याशी विनाकारण भांडले.

त्याच आठवड्यात काकूंच्या बाईचा फोन आला, नळ गळतोय. काकांबरोबर मीही गेले. मला भांडायचं होतं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी दार उघडलं. आत गेलो तर नळ खडखडीत कोरडा. मालतीकाकू चांगली साडी नेसून ओट्याशी बसल्या होत्या, गुडघे आत, कोपर ओट्यावर. समोर स्टीलचं पातेलं. त्यात दूध.

त्यांनी डाव्या हाताने बटण फिरवलं. काका त्यांच्यापासून चार हात दूर उभे राहिले, मी त्यांच्या मागे. डॉक्टर दाराच्या चौकटीत थांबले होते, नेहमीसारखे. दुधाला बारीक बुडबुडे आले, साय सुरकुतली, दूध चढायला लागलं. काकूंचा हात पातेल्याजवळच होता.

"मालती, हात!" म्हणत डॉक्टर धावत आत आले आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

"थांब," मालतीकाकू म्हणाल्या. एक शब्द, अडखळला नाही.

डॉक्टर थांबले. दूध वर आलं, काठावरून सांडलं, शेगडीवर चर्र झालं. मग काकूंनीच बटण बंद केलं, डाव्या हाताने सांडशी धरून पातेलं बाजूला सरकवलं, आणि नवऱ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी टेकायला म्हणून ओट्यावर हात ठेवला, तर त्यांना वाकावं लागलं. तसेच वाकून राहिले. मग म्हणाले, "वसंता, ती आता उभी राहणार नाही ना रे?"

आयुष्यभर लोकांना असं काही सांगत आलेला माणूस, आणि विचारत होता कुणाला, तर ओटे बसवणाऱ्याला. काका पुढे झाले. म्हणाले, "बसून होतंय ना सगळं, माधव."

मी काही पटकन रडणारी बाई नाही. पण त्या दिवशी बेसिनकडे तोंड करून उभी राहिले आणि त्या न गळणाऱ्या नळाकडे बघत राहिले. मागे वळले तेव्हा डॉक्टर फडक्याने शेगडी पुसत होते, आणि काका त्यांना सांगत होते, कडेला राहिलंय, तिथे पण पूस. मग काम काढल्यापासून काकांनी त्या घरात पहिल्यांदा चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः बेसमेंटमध्ये आले. चेक टेबलावर ठेवला. "शालिनीवरून बोललो ते..." एवढंच त्यांना म्हणता आलं. काका म्हणाले, "बोललास. आता राहू दे." ते माफ केलं की नाही मला शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांना बसायला खुर्ची मात्र त्यांनी स्वतः ओढून दिली.

चेक वटल्यावर लीन उतरवायचा कागद काउंटीच्या ऑफिसात द्यायचा होता. मी एकटी देऊन आले असते, पण काका माझ्यासोबत आले. खिडकीतल्या मुलीला त्यांनी विचारलं, आता ती जुनी नोंद पुसून टाकणार का? ती म्हणाली, नाही, रेकॉर्डमध्ये दोन्ही राहतात, लीनही आणि रिलीजही. काकांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण म्हणाले, "बरं आहे, ताई. चढवलेलं राहतं, तसं उतरवलेलं पण राहतं."

काका जानेवारीत गेले, झोपेत. त्या हिवाळ्यात आजारी वगैरे काही नव्हते. शेवटचे काही महिने त्यांना बेसमेंटमध्ये मी बघतच होते, पण आठवतात ते त्या काउंटी ऑफिसच्या पार्किंगमधलेच.

तिथून ते तसेच एलीकडे निघाले होते. त्याचे पैसे खिशात होते, आणि मालतीकाकूंनी त्याच्यासाठी खीर दिली होती, स्वतः आटवलेली, नव्या ओट्यावर. मी ट्रकच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, सावकाश चालवा, आमिश लोकांना वेलदोडा चालतो का ते तरी विचारा. काका हसले. शेजारची सीट शालिनीताईंची. त्या गेल्यापासून काका तिथे हत्याराची पिशवीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत, मी बसायला गेले तरी मागे बसा म्हणायचे. त्या दिवशी त्या सीटवर खिरीचा डबा होता, आणि तो सांडू नये म्हणून काकांनी त्याला बेल्ट लावला होता.